नेपाळमधील निवासी शाळेत जाणाऱ्या मुलीचे शैक्षणिक पालकत्व : आधी काय ठरवून घ्यावे? (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

गवळीदेव

आमची गृहनिर्माण संस्था घणसोलीत आहे. संस्थेच्या दारावर रात्रपाळी करणारे गृहस्थ नेपाळच्या सुदूरपश्चिम प्रदेशातील अछाम जिल्ह्याचे असून पंपाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत पत्नी, मुलगी आणि लहान मुलगा यांच्यासह राहतात. वहिनी आमच्याच इमारतीतील काही घरी पोळ्यांचे आणि भांड्यांचे काम करतात. मुलगी महानगरपालिकेच्या शाळेत पाचवीत आहे, अभ्यासात चांगली आहे आणि मराठी व हिंदी दोन्ही सफाईने वाचते.

आईवडिलांची इच्छा अशी आहे की तिला सहावीपासून धनगढी येथील एका निवासी शाळेत घालावे. धनगढी हे भारताच्या सीमेलगतच्या कैलाली जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून तेथे मुलीचे मामा राहतात. शाळेने शुल्क, वसतिगृह, जेवण आणि गणवेश मिळून वर्षाचा खर्च लेखी कळवला आहे, आणि तो या दोघांच्या एकत्रित मिळकतीला पेलणारा नाही. आम्ही काही कुटुंबे मिळून तो उचलण्यास तयार आहोत. नेपाळमधील शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास सुरू होते, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागेल.

पैसे देण्याची तयारी ही यातील सर्वांत सोपी गोष्ट आहे, असे मला वाटते. पैसे कोणाच्या नावे आणि कोणत्या मार्गाने पाठवावेत, ही जबाबदारी नेमकी किती वर्षांची समजावी, वाटेत एखादे कुटुंब घर सोडून गेले तर काय करावे, आणि मुळात अकरा वर्षांच्या मुलीला आईवडिलांपासून इतके दूर ठेवणे योग्य आहे का, या प्रश्नांची उत्तरे आमच्यापैकी कोणाकडेही पक्की नाहीत. ज्यांनी परदेशातील मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला आहे, किंवा ज्यांना नेपाळच्या शाळांची माहिती आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. बाहेरच्या एखाद्या संस्थेला देणगी देऊन मोकळे व्हावे असाही एक विचार आमच्यात मांडला गेला, परंतु मूल डोळ्यांसमोर असताना ते मनाला पटले नाही.

मासुंदा

मी ठाण्यात राहतो आणि बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून पैशांच्या बाजूचे तेवढे लिहितो.

परदेशी शिक्षण म्हटले की लोकांना डॉलर, परदेशी पैसे पाठवण्यासाठीची उदारीकृत प्रेषण योजना आणि तिची वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आठवते. इंग्लंड-अमेरिकेतील निवासी शाळांसाठी तो विचार आवश्यक असतो, कारण तेथे रकमाच मोठ्या असतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडे स्रोतावर कर गोळा केला जातो. नेपाळच्या बाबतीत मात्र मार्ग वेगळा आणि पुष्कळ सोपा आहे. रिझर्व्ह बँकेने २००८ च्या मे महिन्यात भारत-नेपाळ प्रेषण सुविधा सुरू केली. एनईएफटीची सोय असलेल्या कोणत्याही बँक शाखेतून रुपयांत पैसे पाठवता येतात आणि नेपाळमध्ये ते नेपाळी रुपयांत पोहोचतात. तेथील बाजू प्रामुख्याने स्टेट बँकेची उपकंपनी असलेली नेपाळ एसबीआय बँक सांभाळते. आरंभी एका व्यवहाराची मर्यादा ५०,००० रुपये होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून पाठवायच्या रकमेसाठी ती २ लाख रुपये झाली. रोख भरून पाठवणाऱ्यांना मात्र ५०,००० रुपयांची आणि वर्षाला १२ वेळांची जुनी मर्यादाच लागू आहे. आपण रोखीच्या वाटेला जाऊच नये; गावी निघालेल्या कोणाच्या हाती पाकीट देण्याची पद्धत तर मुळीच नको, कारण त्याचा कागद राहत नाही.

विनिमय दराची चिंता नको. १९९३ पासून १ भारतीय रुपयास १.६ नेपाळी रुपये हा दर कायम आहे. समजा शाळेने वर्षाचे १,६०,००० नेपाळी रुपये कळवले असतील, तर आपल्याकडून १ लाख रुपये आणि बँकेचे शुल्क एवढेच जाईल. पाउंडात शुल्क भरणाऱ्या पालकांना दरवर्षी जी धाकधूक असते, ती येथे नाही. शाळेची वार्षिक शुल्कवाढ मात्र असतेच, आणि हिशेब मांडताना ती धरलीच पाहिजे.

आता पैसे कोणाच्या नावे, हा प्रश्न. माझे स्पष्ट मत असे आहे की ते थेट शाळेच्या बँक खात्यात जावेत. वडिलांच्या येथील खात्यात आपण सर्वांनी मिळून वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक जमा केले, तर नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेली भेट म्हणून ती संपूर्ण रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाण्याचा प्रश्न उद्भवतो. शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त असते हे खरे, पण ती शिष्यवृत्तीच आहे हे दाखवण्याचा भार त्या माणसावर पडेल. प्रत्यक्षात त्यांना कर लागणार नाही कदाचित, परंतु ज्याला आपण मदत करीत आहोत त्याच्या माथी कागदपत्रांचे ओझे का टाकावे?

आपल्याला मात्र करात सवलत मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. शालेय शुल्काची वजावट स्वतःच्या मुलांसाठी आणि भारतातील शाळांसाठीच असते. देणगीवरील सवलत मान्यताप्राप्त भारतीय संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि अशा न्यासांनाही भारताबाहेर केलेल्या खर्चावर करमाफी सहसा मिळत नाही, विशेष परवानगी घ्यावी लागते. म्हणून सवलतीसाठी एखादा न्यास मध्ये घालण्याचा विचार सोडून द्यावा.

आणखी एक गोष्ट. हा व्यवहार संस्थेच्या खात्यातून करू नये. सभासदांनी भरलेले देखभाल शुल्क उपविधींत सांगितलेल्या कामांसाठीच असते. पुढच्या सर्वसाधारण सभेत एखाद्याने हरकत घेतली, तर ती योग्यच ठरेल आणि मुलीचे शिक्षण विनाकारण वादात सापडेल.

उपवन

मी अनेक वर्षे ठाण्यात महापालिकेच्या शाळेत शिकवले. नेपाळी कुटुंबांतील मुले माझ्या वर्गात होती, म्हणून हा धागा वाचून राहवले नाही.

पहिला प्रश्न मी असा विचारीन की ही मुलगी येथेच का शिकू नये? शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे आणि तो ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला लागू होतो. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलास वयानुरूप वर्गात बसवावे लागते. नवी मुंबई महानगरपालिकेच्या सीवूड्स आणि कोपरखैरणे येथे सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत. मूल आईजवळ राहून शिकत असेल, तर त्याच्या डोक्यावर हात फिरवणारे माणूस संध्याकाळी घरी असते, आणि याचे मोल कोणत्याही वसतिगृहाला भरून काढता येत नाही.

पण मी दुसरी बाजूही पाहिली आहे. वर्गातली हुशार मुलगी सातवी-आठवीत आली की दुपारनंतर धाकट्या भावंडाला सांभाळू लागते, मग आईच्या बदली एखाद्या घरी कामाला जाऊ लागते, आणि तिची उपस्थिती कशी कमी होत गेली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पंपाशेजारच्या खोलीत अभ्यासाला जागा नसते, मोटर चालू झाली की कानठळ्या बसतात. निवासी शाळेचा आग्रह आईवडील कशासाठी धरीत आहेत, हे गवळीदेव यांनी त्या दोघांना वेगवेगळे विचारावे, असे मी सुचवीन. अनेकदा वडिलांचे कारण एक असते आणि आईचे दुसरे. मुलीलाही विचारावे, आणि तेही सोसायटीच्या कार्यालयात चार मोठ्या माणसांसमोर उभे करून नव्हे.

कैलाली ते कोपरखैरणे

माझे वडील चाळीस वर्षे नवी मुंबईत चौकीदार होते. मी चौथीपर्यंत कोपरखैरण्यात मराठी माध्यमात शिकलो, त्यानंतर धनगढीला वसतिगृहात राहून दहावी केली आणि पुन्हा येथे आलो. त्यामुळे हा विषय माझ्या घरातला आहे.

उपवन बाई म्हणतात ते बरोबर आहे, पण आईवडील नेपाळचा आग्रह का धरतात हेही समजून घ्यावे. आमच्या लोकांना भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारामुळे येथे राहता आणि काम करता येते. पण नागरिकत्व नेपाळचेच राहते. वयाच्या सोळाव्या वर्षी तेथे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र निघते, आणि पुढे तेथील सरकारी नोकरी, नर्सिंगचे शिक्षण, जमिनीचे व्यवहार या सगळ्याला ते लागते. तेथे दहावीच्या अखेरीस एसईई ही परीक्षा होते. ती तेथेच दिली की पुढचे दरवाजे सरळ उघडतात. येथली दहावी घेऊन गेले तर समकक्षता प्रमाणपत्र काढण्यापासून सुरुवात करावी लागते. येथे कितीही वर्षे काढली, तरी म्हातारपणी गावी परतायचे हे बहुतेकांच्या मनात पक्के असते, आणि मुलांचे भविष्य ते त्याच हिशेबाने पाहतात.

आईचे कारण कदाचित आणखी वेगळे असेल. अछाम, डोटी, बाजुरा या डोंगरी जिल्ह्यांत पाळीच्या दिवसांत बाईला घराबाहेरच्या खोपट्यात ठेवण्याची छाउपडी प्रथा आहे. साप चावून, धुराने गुदमरून त्या खोपट्यांत मुली मेलेल्या आहेत. २०१७ च्या कायद्याने हा गुन्हा ठरवला, तीन महिन्यांपर्यंत कैद, ३,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली, परंतु कायदा झाला म्हणून गावची आजी ऐकतेच असे नाही. लग्नाचे वय कायद्याने २० आहे, तरी आमच्याकडे मुलींची लग्ने त्याआधी होतात. अकरा वर्षांच्या मुलीला गावी आजीकडे ठेवण्यापेक्षा धनगढीच्या वसतिगृहात ठेवावे, असे एखाद्या आईला वाटले, तर त्यामागे तिने स्वतः भोगलेले असू शकते. हे ती तुमच्याशी सहजासहजी बोलणार नाही. तुमच्या घरातील स्त्रियांनी विचारले तर बोलेल.

आता शाळेबद्दल. नेपाळमध्ये खासगी इंग्रजी शाळेला सरसकट बोर्डिंग म्हणतात, तेथे वसतिगृह असेलच असे नाही. काही ठिकाणी शाळा एकाची आणि वसतिगृह दुसऱ्याचेच असते. तेव्हा शुल्कपत्रकावर दोन्ही रकमा एकाच संस्थेच्या नावे आहेत का, हे पाहावे. तेथील २०१८ च्या सक्तीच्या व निःशुल्क शिक्षणाच्या कायद्यानुसार खासगी शाळांनी विद्यार्थिसंख्येप्रमाणे किमान १० ते १५ टक्के जागा शिष्यवृत्तीच्या ठेवायच्या असतात. मुलीला त्यात शुल्कमाफी मिळते का, हे तिच्या मामांनी नगरपालिकेच्या शिक्षण शाखेत जाऊन विचारावे. मिळाली, तर तुमच्यावर फक्त वसतिगृहाचा भार राहील आणि उरलेल्या पैशांत तिचे पुढचे वर्ष सुरक्षित होईल.

सुट्ट्यांचा विचार आत्ताच करून ठेवा. दशैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याच्या मोठ्या सणाला, वसतिगृह रिकामे होते. आईवडील दरवर्षी त्या वेळी येऊ शकतीलच असे नाही. तिकीट, दिल्लीहून सीमेवरील गौरीफंटा किंवा बनबसाची बस आणि रजा, हे सगळे जुळावे लागते. सगळ्यांची माणसे न्यायला आलेली असताना आपण एकटेच खोलीत राहणे हे मुलाला फार लागते. मामा आहेत ही मोठी गोष्ट आहे, पण मामींनाही विचारून घ्या.

भाषेचा पहिला वर्षभर त्रास होईल. मला देवनागरी वाचता येत होती, पण नेपाळी लिहिताना मराठीच उमटायची आणि मुले हसायची. शाळेशिवाय वेगळ्या शिकवणीची थोडी तरतूद ठेवलीत, तर बरे होईल.

पारसिक

मी ठाणे जिल्ह्यात बालहक्कांच्या क्षेत्रात काम करते. गवळीदेव यांच्या प्रकरणात आईवडील डोळ्यांसमोर आहेत आणि मामा त्याच गावात आहेत, त्यामुळे माझी काळजी निम्म्याने कमी झाली. तरीही हा धागा वाचून दुसरे कोणी ओळखीच्या ओळखीतून नेपाळमधील एखाद्या मुलाचा खर्च उचलायला निघेल, त्यांच्यासाठी लिहिणे आवश्यक वाटते.

१९९६ ते २००६ या काळातील सशस्त्र संघर्षात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईवडिलांना दलालांनी सांगितले की मुलाला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो. आईवडिलांनी जमीन आणि जनावरे विकून पैसे दिले. मुले बालगृहांत पोहोचली, कागदोपत्री अनाथ झाली, आणि परदेशी दात्यांना त्यांचे फोटो दाखवून वर्षानुवर्षे पैसे गोळा केले गेले. नेपाळच्या बालगृहांतील ८० टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील यांपैकी किमान एक जण हयात असतो, असे युनिसेफ सांगत आले आहे. ही बालगृहे बहुसंख्येने काठमांडूचे खोरे, चितवन आणि पोखऱ्याचा कास्की जिल्हा अशा पर्यटकांच्या वाटेवर आहेत, मुलांच्या मूळ गावांजवळ नाहीत. पैसे देणाऱ्यांतील बहुतेकांचा हेतू स्वच्छ होता. त्यांच्या पैशांमुळेच मुलांना घरापासून तोडण्याचा धंदा चालला, हे त्यांना कळायला फार उशीर झाला. म्हणून आईवडिलांशी थेट बोलणे झाल्याशिवाय आणि शाळेचे सरकारी नोंदणीपत्र पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. मध्ये एखादी नेपाळी स्वयंसेवी संस्था असेल, तर तिला परदेशी निधी घेण्यासाठी तेथील समाज कल्याण परिषदेशी संलग्न असावे लागते. तो कागद मागण्यात संकोच कसला?

शैक्षणिक पालकत्वाचा उपयोग होतो का, याचाही अभ्यास झालेला आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज यांनी भारतासह सहा देशांत केलेला अभ्यास २०१३ मध्ये जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी या नियतकालिकात आला. खर्च उचललेल्या मुलांचे शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने वाढलेले त्यांना आढळले. मात्र त्या कार्यक्रमातील मुले सर्वसाधारणपणे स्वतःच्या घरी राहून शिकत होती, हे ध्यानात घ्यावे. लाभ मिळाला तो सातत्याने मिळालेल्या आधाराचा. त्यासाठी घरापासून दूर जाणे आवश्यक ठरलेले नाही. म्हणून मामांकडे राहून त्याच शाळेत दिवसा जाणे, हा तिसरा पर्यायही कुटुंबासमोर ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

वसतिगृहच ठरले, तर शाळेला काही प्रश्न लेखी विचारावेत. मुलींच्या मजल्यावर रात्री कोण असते, ती व्यक्ती स्त्री आहे का, आजारी पडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात आणि घरी कोणाला कळवतात, मुलीला आठवड्यातून किती वेळा आईशी बोलता येते आणि तेव्हा शेजारी कोणी उभे असते का, शारीरिक शिक्षा होते का. चांगल्या शाळेला या प्रश्नांचा राग येत नाही. मुलीला १०९८ हा क्रमांक पाठ करून द्यावा. तो भारतात आहे तसा नेपाळमध्येही बालकांच्या मदतीसाठी आहे.

शेवटी एक कळकळीची विनंती. तिचे फोटो, गुणपत्रिका, आभाराची पत्रे सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर येऊ देऊ नका. तिच्या प्रगतीची माहिती मिळवण्याचा हक्क आधी तिच्या आईवडिलांचा आहे, नंतर तुमच्यापैकी एका नेमलेल्या व्यक्तीचा. ज्या इमारतीत तिची आई भांडी घासते, त्या इमारतीतील प्रत्येकाला तिचे गणितातले गुण ठाऊक असावेत, हे कोणत्या अकरा वर्षांच्या मुलीला आवडेल?

माहुली

हेतू चांगला आहे याविषयी शंका नाही. परंतु शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा येथील आदिवासी मुली आठवीनंतर शाळा सोडतात, आणि ही ठिकाणे घणसोलीपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. येथे जाऊन पाहता येते, शिक्षकांशी बोलता येते, करात सवलतही मिळते. आपल्या दारची गरज भागण्याआधी परदेशातील शाळेचा विचार का करावा, हा प्रश्न कोणी तरी विचारायला हवा होता, म्हणून विचारला.

गवळीदेव

माहुली, प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की ही मुलगी आमच्याच दारची आहे. ती आमच्या अंगणात वाढली. तिची शाळा परदेशात असेल, ती परकी नाही. शहापूरच्या मुलींसाठी आमच्यापैकी दोन कुटुंबे आधीपासून मदत करतात आणि ती थांबणार नाही.

खाडीकिनारा

आतापर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. मुलीचे वडील तुमच्या संस्थेत नोकरी करतात. उद्या ती नोकरी राहिली नाही, तर?

माजिवड्याच्या ज्या इमारतीत आम्ही पूर्वी राहत होतो, तेथे असाच एक चांगला उपक्रम सुरू झाला होता. सुरक्षारक्षकाच्या मुलाच्या शाळेचा खर्च रहिवासी भरत होते. नंतर व्यवस्थापक समिती बदलली, नव्या समितीने सुरक्षा एजन्सी बदलली, आणि जुन्या एजन्सीची माणसे महिनाअखेरीस निघून गेली. कुटुंब गेले तसा लोकांचा उत्साहही गेला. कोणी वाईट वागले नाही, कोणी नकारही दिला नाही. पुढच्या सत्राचे पैसे गोळा करण्याची आठवण कोणाला राहिली नाही, एवढेच. तो मुलगा तेव्हा नववीत होता.

त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे उपकाराचे दडपण. मुलीचा खर्च सोसायटीतील लोक उचलतात म्हटल्यावर तो माणूस रजा मागायला कचरतो, पगारवाढीचा विषय काढत नाही, कोणी गाडी धुवायला सांगितली तर नाही म्हणत नाही. वहिनींचेही तसेच होणार; एका घरी जास्तीचे काम सांगितले, तर त्यांना नकार देता येणार नाही. आणि वाद झाला, तर एखादा सभासद रागाच्या भरात बोलूनही दाखवील. म्हणून मदत करणाऱ्या कुटुंबांनी आपापसांत आणि त्या दोघांसमोर स्पष्ट लिहून ठेवावे की वडील या संस्थेत काम करोत वा न करोत, मुंबईत राहोत वा गावी परतोत, मुलगी शिकत आहे तोवर खर्च चालू राहील. ही जबाबदारी मुलीच्या नावाने घ्यायची, वडिलांच्या नोकरीच्या नावाने नव्हे. हे ज्यांना मान्य नसेल, त्यांनी सुरुवातीलाच नम्रपणे बाजूला व्हावे. मध्येच सोडण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

मुदतीचाही असाच विचार करावा. सहावी ते एसईई ही पाच वर्षे होतात, बारावीपर्यंत सात. घणसोलीसारख्या भागात सात वर्षांत निम्मी कुटुंबे घर बदलतात. त्यामुळे पहिला हप्ता पाठवण्यापूर्वी एका संपूर्ण वर्षाचा खर्च वेगळा राखून ठेवावा. कोणी गळाले, तरी मुलीला वर्षाच्या मध्यात शाळा सोडावी लागणार नाही आणि तुम्हाला नवा भागीदार शोधायला अवधी मिळेल.

कैलाली ते कोपरखैरणे

खाडीकिनारा ताईंनी लिहिलेले माझ्या वडिलांनी वाचले असते, तर त्यांना बरे वाटले असते. माझे शिक्षण एका मराठी काकांनी केले. वडिलांनी ती इमारत सोडल्यानंतरही त्यांनी खर्च थांबवला नाही, आणि वडिलांना एकदाही काही काम सांगितले नाही. असे लोक असतात, म्हणून मला या धाग्याबद्दल आशा आहे.

गवळीदेव

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात जे झाले ते लिहितो.

माझ्या पत्नीने वहिनींशी सावकाश बोलून घेतले. उपवन बाई आणि कैलाली यांनी वर्तवलेला अंदाज बरोबर होता. आईचे कारण वडिलांच्या कारणापेक्षा वेगळे आहे आणि ते येथे लिहिणे मला योग्य वाटत नाही, परंतु ते ऐकल्यावर मुलीला गावी आजीकडे ठेवण्याचा पर्याय आम्ही मनातून काढून टाकला. मुलीचे म्हणणे असे की तिला जायचे आहे, मात्र धाकट्या भावाला कोण सांभाळणार याची तिला चिंता आहे. त्यावर आमच्या दोन घरांनी दुपारची वेळ वाटून घेतली आहे.

मामा-मामींशी फोनवर बोलणे झाले. पहिले वर्ष तिने त्यांच्याकडे राहून दिवसा शाळेत जावे आणि सातवीपासून वसतिगृहाचा विचार तिच्या इच्छेने करावा, असे आईवडिलांनी ठरवले. पारसिक यांची सूचना त्यांना स्वतःहून पटली, आम्हाला आग्रह करावा लागला नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च घटतो, आणि उरणारी रक्कम राखीव निधीत जाईल. मामांच्या घरखर्चाला दरमहा काही हातभार लावण्याची तयारी आम्ही दाखवली होती, ती त्यांनी नाकारली. शिकवणीचे पैसे मात्र स्वीकारले.

खाडीकिनारा यांनी सांगितल्याप्रमाणे एक पानभर लिहून ठेवले आहे. त्यात नोकरीचा उल्लेख एकाच वाक्यात आहे, की तिचा या मदतीशी संबंध नाही. ते वाचून दाखवल्यावर एका कुटुंबाने माघार घेतली आणि त्यांचा निर्णय आम्ही आदराने स्वीकारला. उरलेल्यांनी एसईईपर्यंतची जबाबदारी घेतली आहे. बारावीचा निर्णय तेव्हाची परिस्थिती पाहून घेऊ, पण तो वर्षभर आधी घेऊ, हेही त्यात नमूद केले आहे. शाळेशी पत्रव्यवहार एकच व्यक्ती करील आणि प्रत्येक पत्राची प्रत आईवडिलांकडे जाईल. शिष्यवृत्तीच्या जागेसाठी मामा नगरपालिकेत अर्ज देणार आहेत.

मासुंदा काका, पहिला हप्ता भरायचा आहे. शाळेने खात्याचा तपशील पाठवला आहे, पण खाते नेपाळ एसबीआयमध्ये नसून दुसऱ्या बँकेत आहे. त्यामुळे काही अडचण येईल का?

मासुंदा

सामान्यतः येऊ नये, कारण नेपाळ एसबीआय ती रक्कम तेथील दुसऱ्या बँकेतील खात्याकडे वळती करते. तरीही आपल्या शाखेत फॉर्म भरताना हे आधी सांगावे आणि शाळेचे शुल्कपत्रक व प्रवेशाचे पत्र सोबत न्यावे. शाखेतील नवीन कर्मचाऱ्याला ही सुविधा माहीत नसेल, तर भारत-नेपाळ प्रेषण सुविधा असे तिचे नाव स्पष्टपणे सांगावे, अन्यथा तो तुम्हाला डॉलरच्या फॉर्मकडे नेईल. खात्यावरील नाव आणि शुल्कपत्रकावरील शाळेचे नाव अक्षरशः एकच आहे ना, हे जरूर पडताळा. नावात फरक पडला तर रक्कम परत येऊ शकते, आणि तेवढ्यात वैशाखातील प्रवेशाची मुदत निघून जाईल. मार्चअखेरीस बँकांत गर्दी असते, म्हणून त्याआधीच एक लहान रक्कम पाठवून पोच मागवावी आणि ती मिळाल्यावर उरलेला हप्ता भरावा.